काचपट्टीखालचा उजेड

कतारगामात राहणाऱ्या माणसाला भिंगाचे अप्रूप उरत नाही. आमच्या गल्लीत हिऱ्यांच्या घंट्या दिवसभर फिरत असतात, आणि चहाला बाहेर आलेल्या रत्नकलाकाराच्या खिशात दहापट मोठे दाखविणारे भिंग हमखास असते. आमच्या घरातले भिंगांचे यंत्र मात्र अनेक वर्षे कपाटावर लाकडी पेटीत बंद होते. तो वडिलांचा सूक्ष्मदर्शक. 1958 साली राष्ट्रीय मलेरिया निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, त्या काळात वडील रक्ताच्या काचपट्ट्या तपासण्याचे काम करीत. निवृत्तीनंतर हे जुने यंत्र त्यांनी हौसेने विकत घेतले. त्यांच्यामागे ती पेटी उघडण्याचे आम्हां उभयतांच्या मनात कधी आले नाही.

ती उघडली गेली गेल्या हिवाळ्यात. आमची नात प्रयोगशाळा-तंत्रज्ञाचे शिक्षण घेते. एका संध्याकाळी ती घरी आली आणि जेवायलाच बसेना. तापाच्या एका रोग्याच्या रक्तात मलेरियाचे जंतू नाहीत, असे तिने लिहून दिले होते. वरिष्ठांनी तीच काचपट्टी पुन्हा पाहिली, तर जंतू होते. चूक वेळीच सापडली, रोग्याचे नुकसान टळले. पण "तुला या कामाची नजरच नाही" हे शब्द तिच्या वर्मी लागले. "आजोबा, मी हे शिकणं सोडते," असे ती म्हणाली, तेव्हा आम्हांला काय बोलावे ते सुचेना.

बोलण्याऐवजी आम्ही पेटी खाली काढली. स्वयंपाकघरात उंधियूसाठी कतारगामची पापडी सोलून ठेवली होती. तिच्या सालीचा एक पातळ पापुद्रा नातीने पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवला आणि सवयीने यंत्राच्या मंचाखालचा कंडेन्सर खाली ओढला. आम्ही डोकावलो. पेशींच्या भिंती जाड, काळ्या, दुहेरी दिसत होत्या. धुळीचे कणही तितकेच ठसठशीत.

"कंडेन्सर खाली का घेतलास?" आम्ही विचारले.

"सकाळी लघवीची तपासणी असते, तेव्हा खालीच ठेवतात. उजेड कमी होतो ना!"

दुपारी रक्त तपासतानाही तो तसाच खाली राहिला होता, हे तिच्या तेव्हाच ध्यानात आले. पेटीच्या झाकणाला आतून वडिलांच्या अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवलेली होती: "रक्तासाठी कंडेन्सर वर. उजेड जास्त वाटला तर दिवा लांब."

त्या रात्री पुस्तके काढून आम्ही तिघांनी या चिठ्ठीचा अर्थ लावला. कंडेन्सर हा उजेड कमी-जास्त करण्याचा खटका नव्हे. येना येथील एर्न्स्ट आबे या शास्त्रज्ञाने 1870 नंतरच्या दशकात कार्ल झाइस यांच्या कारखान्यासाठी जी भिंगजोडी सिद्ध केली, तिचे काम प्रकाशाचा रुंद शंकू करून तो नेमका वस्तूवर आणणे हे आहे. शंकू रुंद असेल तर वरचे भिंग आपली पूर्ण शक्ती वापरू शकते. हिरव्या प्रकाशात, 1.25 अंकाच्या तेलाच्या भिंगाखाली, तितक्याच अंकाचा शंकू मिळाला तर सुमारे 0.27 मायक्रॉन अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दिसतात. शंकू 0.3 इतका अरुंद केला, की हेच अंतर 0.43 मायक्रॉनवर जाते. तांबडी रक्तपेशीच मुळी सात-आठ मायक्रॉनची. तिच्या आतले जंतूचे नाजूक कडे धूसर झाले तर नवल नाही.

मग सकाळची रीत चुकीची म्हणावी काय? तसेही नाही. लघवीतल्या न रंगविलेल्या वस्तू जवळजवळ पारदर्शक असतात. अरुंद शंकूमुळे त्यांच्या कडा उठून दिसतात. बारकावा गमावून उठाव मिळतो. रक्ताची काचपट्टी रंगविलेली असते, तिला उसन्या उठावाची गरज नाही. तिला बारकावाच हवा. शिवाय उठाव हवा असेल तेव्हाही कंडेन्सर जागेवर ठेवून त्याच्या पोटातला पडदा थोडा मिटावा, हे अधिक बरे.

मग पापडीवरच सराव झाला. यंत्राच्या आरशाला दोन बाजू असतात. खोलगट बाजू कंडेन्सर नसलेल्या यंत्रासाठी. कंडेन्सर असला की सपाट. ती फिरवली. पेशी स्पष्ट करून घेतल्या, दिव्याच्या काचेला पेन्सिलीचे टोक टेकवले आणि ते टोकही पेशींबरोबर स्पष्ट दिसेपर्यंत कंडेन्सर वर नेला. तो काचपट्टीला जवळजवळ भिडला. मग डोळ्याकडचे भिंग काढून नळीत पाहिले आणि प्रकाशाच्या वर्तुळाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उजळ राहील इतका पडदा मिटला. भिंग पुन्हा बसवून पाहतो, तो भिंती बारीक, एकेरी, स्वच्छ! नव्या यंत्रांत दिव्यापाशी आणखी एक पडदा असतो. तेथे पेन्सिलीऐवजी त्याच पडद्याची कड स्पष्ट करावयाची; ही पद्धत आउगुस्ट क्यूलर यांनी 1893 साली मांडली.

दुसऱ्या दिवशी नातीने तीच काचपट्टी मागून घेतली. कंडेन्सर वर, पडदा उघडा, दिवा मंद. तिसऱ्या-चौथ्या क्षेत्रातच तिला जंतूचे कडे सापडले, लाल ठिपक्यासह. त्या दिवशी ती भरपूर जेवली. शिक्षण सोडण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

आमच्या मनात मात्र एक गोष्ट राहून गेली आहे. वडिलांची नजर फार तीक्ष्ण होती, असे आम्ही आजवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना अभिमानाने सांगत आलो. वस्तुतः त्यांचा चष्मा चांगला जाड होता. नजरेची उणीव त्यांनी मंचाखाली हात घालून भरून काढली होती. आणि ती युक्ती पुढच्यांसाठी लिहूनही ठेवली होती. पेटी उघडायला आम्हीच उशीर केला.