मुलाखतीतले स्वगत

मराठीच्या प्राध्यापकांनी सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या मुलाखतींविषयी लिहावे, हे काहींना अधिकाराबाहेरचे वाटेल. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीकडे मोठ्या कंपन्यांच्या मुलाखती जवळ आल्या, की ‘मुलांना जरा बोलते करा’ म्हणून भाषेच्या शिक्षकांनाच पाचारण होते. त्या निमित्ताने आम्ही जे पाहिले, ते साहित्याच्या अभ्यासकांनाही विचारात घेण्याजोगे आहे.

मुलाखतीतला एक नेहमीचा प्रश्न घेऊ. दिलेल्या संख्यांमधून अशा दोन शोधा, की त्यांची बेरीज अमुक येईल. प्रत्येक जोडी तपासत बसले, तर हजार संख्यांच्या सुमारे पाच लाख जोड्या होतात. पाहिलेल्या संख्यांची नोंद ठेवत गेले, तर एका फेरीत काम भागते. आमच्या मुलांना हे सुचते. मात्र परीक्षकाला नुसते उत्तर नको असते. पहिली वाट का धरली, का सोडली, हे त्याला उमेदवाराच्या तोंडून, विचार चालू असतानाच ऐकायचे असते. नेमकी इथे आमची मुले गप्प होतात. खात्री झाल्यावाचून वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडू नये, हे घराने आणि शाळेने त्यांच्या अंगी बाणवले आहे. घरातला हा विनय तिथे अज्ञान ठरतो.

यावर इंग्रजी संभाषणाचे वर्ग हा सर्वमान्य उपाय. इंग्रजीची अडचण खोटी नाही. परंतु तिथे अडखळणारा मुलगा हाच प्रश्न मराठीत विचारला तरी गप्पच राहतो. उणीव शब्दांची नाही, रूपबंधाची आहे. त्या रूपबंधाला आपण स्वगत म्हणतो.

आणि स्वगत या मुलखाला परके नाही. धान घरात आले, की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात आणि झाडीपट्टी रात्र रात्र जागते. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तिथे पात्र आपला पेच मोठ्याने उलगडते, चुकते, माघार घेते. त्याला कोणी उद्धट म्हणत नाही. म्हणून आम्ही आता सराव आधी मराठीत घेतो, मुलाला हवे तर झाडीबोलीत, इंग्रजी मागाहून.

नोकरी लागल्यावरही यातून सुटका नसतेच. एकाने लिहिलेला कोड दुसरा वाचतो, ‘असे का?’ विचारतो आणि मगच तो स्वीकारला जातो. ही समीक्षाच झाली.

तरी एक प्रश्न उरतो. ज्यांच्या घरी मोठ्यांशी वाद घालण्याची मुभा होती, ती मुले या परीक्षेला अर्धी तयार होऊनच येतात. मग ही परीक्षा बुद्धीची म्हणावी की वळणाची? मौनाचा अर्थ लावायला परीक्षकांनी कधी शिकायचे? तोवर आम्ही मुलांना पहिले वाक्य तेवढे देऊन ठेवतो : ‘सर, मी विचार करतो आहे; करता करता सांगतो.’