बाबांचं ॲव्हरेज

बाबांनी १२०० रुपयांचं यंत्र मागवलं. गाडीच्या ओबीडी पोर्टमध्ये खोचायचं, हिरवा दिवा लुकलुकतो आणि म्हणे पेट्रोल वाचतं. दिवाळीला घरी गेलो, तेव्हा ते झोपल्यावर मी झाकण उघडलं. आत दिवे, एक बटण, एक फुटकळ चिप. ६ आणि १४ नंबरच्या पिनांवरून गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात. त्या कशालाच जोडलेल्या नव्हत्या. म्हणजे इंजिनाला या यंत्राचा पत्ताच नाही. अमेरिकेच्या ईपीएने पेट्रोल वाचवण्याचा दावा करणारी शंभरहून जास्त उपकरणं तपासली; मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही.

सकाळी सांगणारच होतो. (इंजिनिअरिंगची चार वर्षं कुठेतरी वसूल करायची असतात.) तेवढ्यात बाबांनी डायरी पुढे केली. टाकी फुल टू फुल, तारखेसकट. आधी १४, आता १६.

मग त्यांच्यासोबत बाजारात गेलो. लांबून लाल सिग्नल दिसला की ॲक्सिलरेटरवरून पाय काढत होते. ब्रेक हलकेच. ओव्हरटेक नाही, शिव्या नाहीत. हे माझे बाबा?

"चालतंय ना?" त्यांनी विचारलं.

"चालतंय," मी म्हणालो. घरी येऊन फेव्हिक्विक शोधलं. झाकण नीट बसलं नव्हतं.