पात्राला दूर नेताना

काही दिवसांपासून सकाराची धार माझ्या कानांना लागेनाशी झाली आहे, आणि श्रुतिकेच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी एका तरुण सहकारिणीला शेजारी बसवण्याचा शिरस्ता मी पाडला आहे. मध्यम लहरींवरून उंच कंपने अशीही फारशी पोचत नाहीत, तेव्हा माझा कान आता श्रोत्याच्या रेडिओ संचासारखाच झाला, असा एक अभिमान मी मनाशी बाळगतो. परंतु ज्या प्रश्नाने मला तारुण्यापासून पछाडले आहे, त्याच्यापुढे हा अभिमान उभा राहत नाही.

पात्राला दूर कसे न्यावे, हा तो प्रश्न. फेडर ओढला की आवाज बारीक होतो, दूर जात नाही. माणूस घरात खरोखर दूर गेला, म्हणजे त्याच्या मुखातून थेट येणारा ध्वनी घटतो आणि भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीचे प्रमाण वाढते. हे प्रमाण फेडरच्या स्वाधीन नाही, आणि ध्वनिशोषक आच्छादनाच्या स्टुडिओत परतणारा ध्वनी मुळातच थोडा. रिबन मायक्रोफोन पुढून-मागून ऐकतो, कडेने बहिरा असतो. त्या बहिऱ्या कडेकडे नटाला सरकवले, की दोन पावलांत तो अंगण ओलांडी. मात्र मान केव्हा वळावी आणि वाक्याचे शेवटचे अक्षर कोणत्या पावलावर पडावे, यावर मी तालमींच्या तालमी खर्ची घातल्या आहेत.

त्यातून दूरच्याचा शब्दही कळला पाहिजे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून पाच जिल्ह्यांतील शेतकरी श्रोतृमंडळांसाठी कार्यक्रम झाले. संध्याकाळी गावात दहाजण एका संचाभोवती बसत, तेथे पुटपुटलेला शब्द वाया जाई. बांधावरून बोलणारा माणूस तर ओरडतो! ताण मोठा आणि आवाज लहान, हा विरोध एका कंठात साधावा लागतो.

नभोवाणी मंत्री केसकरांच्या कारकिर्दीत चित्रपटगीतांना आमची दारे मिटली, आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. लघुलहरींवर अमीन सयानींचा आवाज आयनमंडलाच्या लहरीप्रमाणे चढे, उतरे. पण ते खोलीबाहेर निघाले, असे कोणाला कधी वाटले नाही. आवाज लहान झाला म्हणजे माणूस दूर गेला नाही, या माझ्या म्हणण्याला याहून सबळ दाखला नाही. पुढे १९५७ साली विविध भारती आली, १९६७ साली मुंबई-पुणे-नागपूरला जाहिराती आल्या, आणि जो तो मायक्रोफोनला ओठ लावून बोलू लागला. अंतराची कला यामुळे उणावली, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या तरुण सहकारिणीने मात्र अंतर साधायला जिन्यात ध्वनिवर्धक लावला, त्यासमोर दुसरा मायक्रोफोन ठेवला, नटाचा आवाज तेथून फिरवून आणून मूळ आवाजात मिसळला. नट जागचा हलला नाही आणि माजघरातून बोलला. मला असूया वाटली. तरीही न चालणाऱ्या नटाचा श्वास बदलत नाही, हे मी तिला ऐकवलेच.

आता हाती घेतलेल्या श्रुतिकेत नदीपलीकडून हाक आहे. उघड्या नदीपात्राला भिंती नाहीत, म्हणून तिचा जिना निरुपयोगी. हवेने बोथट होणारी कंपने किती गाळावीत, ते तिच्या कानाने ठरेल. हाक किती फाटू द्यायची आणि नटाची पाठ मायक्रोफोनकडे केव्हा फिरवायची, एवढे मात्र मी कोणाच्या हाती देणार नाही.