अनारसा हसला

दांडिया बाजारातल्या आमच्या घरात दिवाळीची चाहूल नवरात्रातच लागते. बाहेर गरब्याचे ढोल आणि आत सासूबाईंची फराळाची वही. २२ वर्षं त्या ऑर्डरप्रमाणे फराळ करून देताहेत. जाहिरात कधी केली नाही. एकीने दुसरीला सांगायचं, बस्स.

पण वही बारीक होत चालली होती. जुनी घरं विकून मंडळी मांजलपूर-गोत्रीकडे गेली, मुलं पुण्याला नाहीतर कॅनडाला. दोन वर्षांपूर्वी ऑर्डरी इतक्या कमी आल्या, की मदतीच्या बाईंना 'यंदा नको' सांगावं लागलं. त्या दिवशी आई धड जेवल्यासुद्धा नाहीत. म्हणून गेल्या वर्षी मी पुढे झाले.

नवा नंबर घेऊन व्हॉट्सअॅप बिझनेस सुरू केलं, कॅटलॉगमध्ये भाव टाकले, वहीतल्या सगळ्यांना ब्रॉडकास्ट पाठवला. दोन दिवस फोन गप्प! भाच्याने उलगडा केला, "मामी, तुझा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो जातो." नवा नंबर होता कोणाकडे? मग आईंनी चकलीच्या नमुन्याच्या पुड्या बांधल्या, प्रत्येकीवर नंबर लिहिला आणि घरोघरी वाटल्या. पायपीट काही चुकली नाही.

इन्स्टाग्रामवर मी ताटं सजवून फोटो टाकले. कोणी ढुंकून पाहिलं नाही. एकदा व्हिडिओ घेताना अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. (नव्या सुनांसाठी सांगते, गूळ जास्त झाला की अनारसा तुपात पसरून फुटतो, त्याला हसणं म्हणतात.) आई वैतागून म्हणाल्या, "हस मेल्या, तुझं काय जातंय!" मी पुसूनच टाकणार होते, पण लेकीने तो टाकून दिला. आणि काय सांगू, अहमदाबाद-सुरतेचे मराठी लोकसुद्धा भाव विचारू लागले.

ऑफिसात बसून मी 'हो, हो' करत पैसे घेत गेले. रात्री आईंना आकडा सांगितला, ३१ किलो अनारसे. त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत पसरून दमट असतानाच दळायचे, गूळ घालून पीठ मुरू द्यायचं. दिवाळी तर उंबऱ्यावर आलेली.

"तयार पीठ आणू का?" मी विचारलं.

"मग माझं नाव कशाला लावतेस?"

१७ जणांना फोन करून मी पैसे परत केले. बहुतेकांनी समजून घेतलं, एकीने मात्र व्हिडिओखाली 'फसवणूक' असं लिहिलं. आईंना ते अजून दाखवलेलं नाही.

पण मला लागलं ते दुसरंच. पलीकडच्या पोळातल्या आजी दर वर्षी अर्धा किलो अनारसे नेतात. त्यांच्याकडे साधा फोन आहे. नवरात्रात त्या आल्या तेव्हा मीच मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, "आजी, आता ऑर्डर मोबाइलवरच घेतो." "मुलाला सांगते हं," म्हणून त्या जिना उतरल्या. मुलाचा मेसेज आलाच नाही, आणि या गडबडीत माझ्याही लक्षात राहिलं नाही. धनत्रयोदशीला आईंनी सवयीने वही उघडली. आजींचं नावच नव्हतं. घरासाठी ठेवलेला डबा उचलून त्या चपला घालून निघाल्या, मी मागोमाग.

आजींनी दार उघडलं. डब्याकडे बघत आईंना म्हणाल्या, "अगं, मला वाटलं तू बंद केलंस."

परत येताना आई माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

यंदा पेज चालू आहे. 'अनारसे फक्त १२ किलो' असं अगदी वर लिहिलंय. मेसेजवरच्या ऑर्डरी मी रोज रात्री वहीत उतरवते. वहीचं पहिलं पान साधा फोन असणाऱ्यांचं. त्यावर सात नावं आहेत, त्यांच्याकडे मी स्वतः जाऊन विचारून येते. मदतीच्या बाईही पुन्हा येऊ लागल्यात. आणि सकाळी चहा घेताना आई हळूच विचारतात, "तो हसणारा आज किती जणांनी पाहिला गं?"