सालगड्याची मुलगी

एडिनबराहून समुद्राच्या कडेने इंग्लंडकडे निघाले की सीमेच्या अलीकडे कोबर्न्सपाथ हे छोटे खेडे लागते. या मुलखाचे नावच 'स्कॉटिश बॉर्डर्स'. सीमाभाग म्हटले की आपले कान टवकारतात. पण मी तिथे गेलो तो एडिनबराच्या नॅशनल गॅलरीत पाहिलेल्या एका चित्रापायी.

जेम्स गथ्री १८८३ साली इथे येऊन राहिला, तेव्हा तो जेमतेम चोवीस वर्षांचा होता. वॉल्टन, क्रॉहॉल हे मित्रही आले. पुढे ही मंडळी 'ग्लासगो बॉइज' म्हणून गाजली. त्या काळी स्कॉटलंडमध्ये खपणारे चित्र म्हणजे धुक्यातले डोंगर, शिंगे उगारलेले सांबर, नाहीतर डोळ्यांना पदर लावायला लावणारी घरगुती कथा. आणि वर तपकिरी व्हार्निशचा जाड थर. असली चित्रे काढणाऱ्या बुजुर्गांना या पोरांनी नाव ठेवले होते, 'सरसाची भांडी'!

फ्रान्सच्या बास्तियाँ-लपाजचा कित्ता त्यांच्यापुढे होता. खेड्यात राहायचे, उघड्यावर उभे राहून समोर दिसेल ते रंगवायचे. गथ्रीने रंगवली ती कोबीच्या वाफ्यातली मुलगी. चित्राचे नाव 'अ हाइंड्स डॉटर'. हाइंड म्हणजे वर्षाच्या कराराने शेतावर राबणारा, आपल्या भाषेत सालगडी. कोबी कापता कापता मुलगी कंबर सरळ करून उभी राहिली आहे, हातात सुरी, नजर थेट आपल्यावर. चपट्या ब्रशचे चौकोनी फटकारे लपवण्याची खटपट कुठेही नाही. कपड्यांचे रंग मातीचेच, त्यामुळे ती वाफ्यातूनच उगवल्यासारखी वाटते. ती गोड हसत नाही, दीनवाणीही दिसत नाही. तिला फक्त पुढचा कोबी कापायचा आहे. मला वाटते, खरे बंड ब्रशच्या फटकाऱ्यांपेक्षा इथे आहे. गरिबाच्या पोरीची कीव न करता तिला रंगवणे त्या काळी सोपे नव्हते, आजही नाही.

पुढे काय झाले? ज्या रॉयल स्कॉटिश अकादमीच्या वळणाविरुद्ध ही पोरे उठली होती, तिचाच गथ्री १९०२ साली अध्यक्ष झाला. 'सर' झाला. बड्या लोकांची व्यक्तिचित्रे काढू लागला. ती सफाईदार आहेत, नाही कोण म्हणेल? त्या खाली बऱ्याच जणांची नावेही लिहिलेली असतात. कोबी कापणारी मात्र चित्राच्या नावात नुसती सालगड्याची मुलगी आहे.