पंचाहत्तरची रेघ

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्यालाच चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स'ची वाट खुली होते. १२ श्रेयांकांचा प्रबंध हा तिचा गाभा. चौथ्या सत्राअखेर आम्ही विभागात बसून संभाव्य विद्यार्थ्यांची यादी केली आणि समाधान पावलो. मग तीत एक नाव नसल्याचे ध्यानात आले.

त्या मुलीने आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवल्या होत्या; एकाच ओवीचे दोन गावांतले पाठभेद शेजारीशेजारी मांडले होते. संशोधन याहून वेगळे ते काय असते? गुण मात्र ७३ टक्के. नियमाला दोष देणे सोपे होते. परंतु लोकसाहित्यावरच्या निबंधात नेमून दिलेले मुद्दे सोडून तिने या ओव्यांविषयीच लिहिले, तेव्हा 'विषयांतर' असा शेरा मारून गुण कापणारे आम्हीच होतो.

अजून दोन सत्रे बाकी आहेत. ती आता मुद्देसूद लिहिते. गुणही वाढत आहेत. वही मात्र तिने पुन्हा आणलेली नाही.