वयांची बेरीज

आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळीत लग्नाला चार-पाच वर्षं झालेली बिनमुलाची बाई दिसली की कुणीतरी तिला बायबलमधल्या साराची गोष्ट ऐकवतंच. अब्राहामाला देवाचं वचन मिळालं तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा, मुलगा इसहाक झाला तेव्हा शंभरीचा, आणि त्याची बायको सारा नव्वदीची. मी ही गोष्ट लग्नघरात ऐकली, मयतीच्या घरात ऐकली, एकदा तर स्वारगेट-कात्रज बसमध्ये दांडीला लोंबकळत ऐकली. सांगणाऱ्या मावश्या-आत्या मायेनंच सांगत. मान डोलवताना माझ्या मनात मात्र एकच यायचं, की ते वचन साराला होतं. मला कुणी दिलंय?

हेच मी शेवटी पाळकसाहेबांना विचारलं. वाटलं, रागावतील. ते म्हणाले, ‘‘तुम्हाला मूल देईन असं देवानं शास्त्रात कुठं सांगितलेलं नाही, ताई. सोबत राहीन, एवढं सांगितलंय. ते पुरतं का बघा.’’ मला ते मुळीच पुरलं नाही. पुढचे बरेच रविवार मी उपासनेला गेले ती सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून. आता मात्र वाटतं, इतक्या वर्षांत माझ्याशी सरळ बोललेला तो एकटाच माणूस. आपण आपली इच्छा देवाच्या तोंडी घालतो आणि मग तो शब्द पाळत नाही म्हणून त्याच्यावर रुसतो. माझी श्रद्धा बरीचशी या रुसव्याचीच होती.

दत्तक घ्यायचं ठरलं ते त्यानंतर. यात मंडळीतल्या काहींना श्रद्धेची कमतरता दिसली. म्हणजे साराची वाट सोडून आम्ही सरकारी वाट धरली, असं. प्रत्यक्षात सरकारी वाटेला धीर जास्त लागतो. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या पोर्टलवर नाव नोंदवायचं, कागदपत्रं चढवायची. मग समाजसेविका घरी येऊन चौकशी करते. आमच्या सुखसागरनगरच्या फ्लॅटमध्ये तिनं गॅलरीची जाळी हलवून पाहिली, पगाराच्या पावत्या पाहिल्या, आणि मुलाला ते दत्तक असल्याचं सांगणार का, हे मला आणि नवऱ्याला वेगवेगळं विचारलं. अहवाल गेला की उरतो तो ज्येष्ठता क्रमांक. तो सरकतो, पण आपण बघत असताना कधीच नाही.

त्यात वयाचं गणित. दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या आत लागते. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठच्या मुलासाठी १००. अब्राहाम आणि साराची बेरीज १९०. पोर्टलनं त्यांचा अर्जच घेतला नसता. हे मी प्रार्थनासभेत बोलून गेले, आणि सगळ्यांत आधी हसल्या त्या सासूबाई.

वाट पाहण्यावरची प्रवचनं त्या काळात फार कानावर पडली. एका पाहुण्या वक्त्यानं तर कात्रजचा तलावच वेठीला धरला. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास इथं पाणी अडवलं, जमिनीखालून नळ नेला आणि नुसत्या उतारावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत, पेठांतल्या हौदांपर्यंत पोचवलं. तसा आशीर्वाद दिसत नसला तरी वाटेवर असतो, म्हणाले. लोकांनी ‘आमेन’ म्हटलं. मला पटलं नाही. तो उतार कुणीतरी मोजून काढला होता. आमच्या वाटेला उतार आहे की नाही, हेच तर कळत नव्हतं.

पटल्या त्या पंडिता रमाबाई. केडगाव पुण्याहून दौंडच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परतण्याइतकं जवळ. रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी उभारलेलं तिथलं मुक्ती मिशन सासूबाईंना एकदा बघायचं होतं, म्हणून गेलो. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत सबंध बायबल उतरवलं. १९२१ च्या जुलैत मनोरमा, एकुलती एक मुलगी, गेली. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. पूर्ण छापलेलं बायबल बाहेर आलं ते त्यानंतर. त्यांनी ज्याची वाट पाहिली त्यातलं किती त्यांच्या हाती लागलं, याचा हिशेब मी परतीच्या गाडीत मांडत बसले होते. सासूबाई म्हणाल्या, ‘‘त्यांच्याकडं हिशेबाला वेळ होता का गं? घरात पोरी केवढ्या होत्या!’’

त्या वाक्यावर नवरा आणि मी बरंच बोललो. तान्हं बाळच हवं, हा हट्ट कुणाचा? मोठ्या मुलांना मागणी कमी असते, हे समाजसेविकेनं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. आम्ही ते ऐकून सोडून दिलं होतं. आता पोर्टलवर वयोगट बदलला. पुढं एका दुपारी फोटो आणि वैद्यकीय अहवाल आला. होकार कळवायला ४८ तास. शाळकरी वयाची मुलगी, कपाळावर खोक पडल्याची खूण. पाच वर्षांपुढच्या मुलाची संमतीही विचारतात, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे तीही आम्हाला नाही म्हणू शकत होती. दिवसभर मला त्याचीच धाकधूक.

ती आली, आणि धीराची खरी शिकवणी तिनं सुरू केली. पहिले काही महिने ती स्वतःचे कपडे कपाटात ठेवू देईना; पिशवी पलंगाखाली, भरलेली. पोळी उशीखाली. ‘‘परत कधी नेऊन सोडणार?’’ हा प्रश्न ती वेळ विचारावी तितक्या सहज विचारायची. ‘‘कधीच नाही,’’ असं मी सांगायचे आणि ती ऐकून सोडून द्यायची, कारण तिला शब्द बरेच मिळालेले होते. मी देवाला जे विचारत आले तेच ही मला विचारत होती, आणि वचन देणाऱ्याच्या जागी बसल्यावर कळलं की तिथं बसून रोज वेळेवर हजर राहण्यापलीकडं फारसं काही करता येत नाही.

एका बुधवारी तिला वाघ बघायचा होता. कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद. ‘‘उद्या,’’ म्हटलं. तिनं चेहरा पाडला नाही, रडली नाही. ‘उद्या’ या शब्दाची तिला चांगली ओळख होती. गुरुवारी अर्धी रजा टाकून नेलं. वाघ झोपलेला होता. तो पाठमोरा वाघ ती कितीतरी वेळ बघत राहिली, मग सर्पोद्यानाकडं वळताना म्हणाली, ‘‘खरंच आलो की.’’

सध्या आमचं भांडण शाळा सुटण्याच्या वेळेवरून आहे. कात्रज चौकात उड्डाणपुलाचं काम, त्यात कोंढव्याकडून येणारे ट्रक. पाचचं फाटक गाठायला ऑफिसातून केव्हा निघावं याचा नेम नाही. परवा पोचले तर वॉचमनच्या खुर्चीवर बसून गृहपाठ करत होती. मी ट्रॅफिकचं सांगायला लागले. तिनं वही मिटली, दप्तर माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, ‘‘येणार ते माहीत होतं. पण चौक बंद असतो तर कात्रज डेअरीपाशी उतरून चालत यायचं ना.’’